सासू बसली का?

आमच्या घरात सासवा दोन. एक मी, आणि दुसरी सिमेंटची.

सिमेंटची ट्रॅक्टरच्या मागे असते. माझ्या कमरेएवढा उंच चौकोनी ठोकळा, वर अडकवायला लोखंडी कड्या, पोटात तुटक्या साखळ्या, झिजलेले फाळ आणि माझी जळकी इस्त्री. आमचा ट्रॅक्टर लहान आहे. त्याच्या पुढे लोडर, लोडरला एक लांब लोखंडी सुळा. गवताच्या गोल गठ्ठ्यात तो सुळा खुपसायचा आणि गठ्ठा उचलायचा. गठ्ठा दिसतो गवताचा, पण वजनाला चांगल्या दुभत्या गाईएवढा असतो. एवढं ओझं पुढे घेतलं की लहान ट्रॅक्टर नाकावर पडायला बघतो. म्हणून मागे तोलाला वजन लागतं, आणि ते वजन म्हणजे ती बाई.

तिला सासू हे नाव माझ्या चिरंजीवांनी दिलं. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बायकोला गोठा दाखवायला घेऊन गेले आणि म्हणाले, "ही तुझी थोरली सासू. बोलत नाही, चालत नाही, पण मागे बसली की माणूस जमिनीवर राहतो." सूनबाई खळखळून हसली, मग मी दारात उभी आहे हे बघून तिनं हसू गिळलं. मी काही इतकी खाष्ट नाही. मलाही हसू आलं, फक्त ते दोन दिवस उशिरा आलं.

पुढे ट्रॅक्टरच्या केबिनची मागची काच फुटली. नवी काच आणू आणू म्हणत मुलानं तिथे प्लायवूडचा तुकडा ठोकला, आणि आमच्याकडे एकदा ठोकलेलं प्लायवूड म्हणजे झालं, जन्माचं झालं. आत बसलेल्याला मागचं काही दिसेना. तेव्हापासून रीतच पडली. गठ्ठा उचलण्याआधी आतून ओरडायचं, "सासू बसली का?" बाहेरच्यानं ठोकळा नीट अडकलाय का ते बघायचं आणि ओरडायचं, "बसली!" मगच लोडरचा दांडा ओढायचा. पहिल्यांदा आलेला पाहुणा हे ऐकून चहाचा कप हातात धरून आमच्या तोंडाकडे बघत राहतो.

पण ठोकळा यायच्या आधी त्या जागी मी होते.

थट्टा नाही करत. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या यांच्याकडे ट्रॅक्टर होता, लोडर होता, वजन नव्हतं. गठ्ठा उचलायचा झाला की हे हाक मारायचे, "चल गं, मागे उभी राहा." मी जायची आणि ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर पाय ठेवून, मडगार्डला धरून उभी राहायची. तेव्हा मी चवळीच्या शेंगेसारखी होते. त्या गठ्ठ्यापुढे माझं वजन ते काय! पण यांना वाटायचं त्यानं फरक पडतो, आणि यांना वाटतं म्हणून मलाही वाटायचं. मागची चाकं हलकी व्हायची, ट्रॅक्टर डुलायचा, मी दात आवळून धरून ठेवायची. संसार म्हणजे असंच काहीतरी धरून ठेवायचं असतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

एक दिवस यांनी गठ्ठ्यावर गठ्ठा रचायचा म्हणून लोडर डोक्याच्याही वर नेला आणि वर नेता नेता मागे कलवला. तेव्हा सुळा नव्हता, लोडरच्या नुसत्या लोखंडी बादलीत गठ्ठा ठेवून उचलायचे. गोल वस्तू ती. बादलीतून सुटली आणि लोडरच्या दोन्ही हातांवरून घरंगळत थेट यांच्या अंगावर आली. ट्रॅक्टरला तेव्हा केबिनही नव्हती. मी मागे फेकली गेले, मला खरचटलं तेवढंच. यांचा उजवा खांदा मात्र जो गेला तो गेला. त्या हातानं यांनी पुन्हा कधी गाय पिळली नाही.

हे दवाखान्यातून हात गळ्यात बांधून घरी आले. मग एका सकाळी फळ्या ठोकून साचा केला, आणि डाव्या हातानं सिमेंट कालवायला बसले. मी इस्त्री टाकायला निघाले होते, ती मागून घेतली आणि साच्यात टाकली. सुळा करून आणला, केबिन बसवून घेतली. "आता तू मागे उभी राहायचं नाही," एवढंच म्हणाले. चुकलं म्हणाले नाहीत, तुला काही झालं असतं तर असं काही म्हणाले नाहीत. हे तसे नव्हतेच. पण तो साचा सुकेपर्यंत रोज त्यावर पाणी मारताना मी यांना बघत होते, आणि मला सगळं ऐकू येत होतं.

आता हे नाहीत. आजारानं गेले, गठ्ठ्यानं नाही. पण गोल गठ्ठा दिसला की अजून मी दोन पावलं मागे सरते. ह्या घरातलं दुसरं माणूस त्याच्याखाली मी बघणार नाही, हे मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. मुलगा ट्रॅक्टरवर बसला की मी आत जाऊन भांडी घासत बसायची. घासलेलीसुद्धा.

आणि मग गाईनं मुलाला लाथ मारली. गरीब गाय होती, पण तिलाही एखादा दिवस वाईट जात असेल. पाय मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं, आणि चिरंजीव ओसरीवर खुर्ची टाकून राजासारखे बसले. नेमके त्याच आठवड्यात गवताचे गठ्ठे आले. ट्रकवाल्यानं फाटकाच्या आत, चढावर, वाटेतच सगळे उतरवले आणि निघून गेला. गोठा खाली, उताराच्या टोकाला. गोठ्यातलं गवत संपत आलेलं आणि दुधाची गाडी यायला वाट नाही.

"मी आणते खाली," सूनबाई म्हणाली.

ट्रॅक्टरची किल्ली मी आदल्या रात्रीच माझ्या उशीखाली ठेवली होती. मी काय तिला दुधखुळी वाटले? तिच्या मनात काय चाललंय ते मला केव्हाच कळलं होतं.

ती सकाळी माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली. किल्ली मागितली नाही. म्हणाली, "आई, माझे बाबा बसचे ड्रायव्हर होते. रोज गाडी काढायच्या आधी भोवती एक फेरी मारायचे. मी लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरायची."

"बस वेगळी, गठ्ठा वेगळा."

"म्हणून तर तुम्हाला विचारायला आले. बाबांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, काय काय सांगून ठेवलंय ते मला सांगा."

आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी उठून बसले आणि तिला सांगितलं. गठ्ठा गुडघ्याच्या वर न्यायचा नाही. उतारावर गठ्ठा नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे आपण उलटं, मागे मागे खाली यायचं, गोगलगायीच्या चालीनं. चारही चाकांना ताकद लावून ठेवायची, कारण ब्रेक मागच्या चाकांना आहेत, आणि मागची चाकं हलकी झाली की ब्रेक दाबून उपयोग नाही. सासू बसल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. आणि काहीही झालं तरी मागे माणूस उभा राहता कामा नये. तिच्याकडून मी हे पाठ म्हणून घेतलं, शाळेतल्या बाईंसारखं. मग उशीखालून किल्ली काढून दिली.

सकाळी ती सुरेख काम करत होती. खोटं कशाला बोलू, माझ्या मुलापेक्षा सुरेख. आधी फेरी मारायची, पट्टा लावायची, सुळा गठ्ठ्याच्या बरोबर मधे घालायची, वीतभर उचलायची, आणि बाजूच्या आरशांत बघत बघत उलटी खाली यायची. तिच्याकडे बघून मी भांडी घासायची विसरले. मी वर फाटकाजवळच्या भिंतीपाशी उभी, मुलगा ओसरीवर. दर खेपेला ती काच खाली करून मला म्हणायची, "आई, बसा ना, गुडघा दुखेल." मी म्हणायची, "तू पुढे बघ." पुढच्या खेपेला पुन्हा, "आई, बसलात का?" इतकी चिवट मुलगी मी पाहिली नाही.

दुपारी लोडरच्या पाइपमधून तेल गळायला लागलं. मेकॅनिकला बोलावलं. तो आला, त्याला मागे हात घालायला जागा होईना म्हणून त्यानं ठोकळा सोडवून खाली ठेवला. "जाताना बसवून जातो, वहिनी," असं सूनबाईला म्हणाला. ती दूध काढायला आत गेली. मग मेकॅनिकला कुठून तरी फोन आला, तो फोनवर बोलत बोलत हत्यारं आवरून गाडीवर बसला आणि गेला. ठोकळा बसवला की नाही कोणाला ठाऊक? मी तेव्हा आत गुडघ्याला तेल लावत होते.

मी बाहेर आले तेव्हा सूनबाईनं ट्रॅक्टर पुढच्या गठ्ठ्यापाशी नेऊन लावला होता, सुळा आत गेला होता. फेरी तिनं मारली नव्हती. सकाळी मारली होती, आणि दुधाची गाडी यायची वेळ झाली होती. पण मेकॅनिकचं तिच्या डोक्यात होतं, म्हणून तिनं काचेतून डोकं बाहेर काढून नवऱ्याला हाक दिली.

"अहो, सासू बसली का?"

त्याच क्षणी इकडे, माझ्या गुडघ्यानं हात टेकले होते. मी भिंतीपाशी एक घमेलं पालथं घातलं, "आई गं" करत त्यावर टेकले आणि म्हणाले, "बसले बाई एकदाची."

मुलगा ओसरीवरून बघत होता. त्याला ट्रॅक्टरचं मोठं मागचं चाक दिसत होतं, चाकाआडचं दिसत नव्हतं. आणि त्याला मी दिसत होते. सकाळपासून त्याची बायको मला बस बस म्हणून माझ्या मागे लागली होती. त्याला वाटलं, मला चिडवायला सासू म्हणतेय. तो हसत हसत ओरडला, "बसली, बसली!"

सूनबाईनं दांडा ओढला.

मी घमेल्यावरून बघत होते. गठ्ठा वर यायला हवा होता. तो जागेवरच राहिला, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून उठली. सावकाश, अगदी आवाज न करता. चाकाखालून उजेड दिसला. आणि चाकांच्या मधे, जिथे ठोकळा असतो तिथे, काहीही नव्हतं.

मी काय विचार केला? काहीही नाही. विचार करायला मला वेळच मिळाला नाही. माझा दुखरा गुडघा एरवी मला उठू देत नाही, पण मी उठले आणि धावले. डोक्यात एकच हाक होती, चल गं, मागे उभी राहा. मी मडगार्डला धरलं. पाय उचलून मागच्या दांड्यावर ठेवायला गेले, सकाळीच मी तिच्याकडून काय पाठ म्हणून घेतलं होतं ते सगळं विसरून. हात तिथेच गेला जिथे तो तेव्हा जायचा. हाताला जागा आठवत होती.

सूनबाईला आतून बसल्या जागी कळलं होतं. खुर्ची पुढे कलली होती. अशा वेळी करायचं एकच, लोडर खाली सोडायचा, म्हणजे चाकं खाली येतात. तिचा हात दांड्यावर होताच. आणि तेवढ्यात बाजूच्या आरशात तिला माझा पिवळा स्वेटर दिसला.

तिनं दांडा सोडला नाही.

हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी रात्रभर झोपले नाही. लोडर खाली सोडला असता तर चाक माझ्यावर आलं असतं. धरून ठेवला तर ट्रॅक्टर पुढच्या दोन चाकांवर, चढावर, लोंबकळत. कुठल्या बाजूला कलंडेल ते सांगता येत नाही, आणि आत ती. तिनं धरून ठेवला. आणि ओरडली.

"आई, बाजूला! आधी बाजूला व्हा!"

लग्न होऊन आल्यापासून त्या मुलीनं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी इतकी दचकले की मागे सरले. सरताना एक चप्पल पायातून निघाली. भिंतीला पाठ लागेपर्यंत मी सरले. तिनं आरशात मला बघितलं, मग दांडा इतका हळू सोडला की चाक खाली येतंय हे डोळ्यांना कळू नये. ते खाली टेकलं, आणि माझी चप्पल त्याखाली गेली.

मग इंजिन बंद झालं. ओसरीवरून मुलगा "काय झालं? अगं काय झालं?" करत कुबडी शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. सूनबाई खाली उतरली. ट्रॅक्टरच्या मागे आली, रिकामी जागा बघितली, चाकाखालची चप्पल बघितली आणि तिथेच मातीत बसली.

"तुम्ही तिथे काय करत होता?" ती म्हणाली.

"वजन द्यायला आले होते."

"तुमचं वजन किती आहे, आई?" असं म्हणून ती रडायला लागली. रडता रडता तिला राग आला आणि रागानं ती आणखी रडली. "मला सांगता मागे माणूस नको म्हणून, आणि स्वतः? ट्रॅक्टर पडला असता तर पडला असता! मी पट्टा लावलाय, वर केबिन आहे. तुम्हाला काय होतं? स्वेटर?"

मी तिच्याशेजारी मातीत बसले, जे माझ्या गुडघ्याला बिलकूल मान्य नाही. तिनं माझे हात धरले, की मी तिचे धरले, ते आता सांगता येणार नाही.

मुलगा एकदाचा लंगडत आला. त्यानं रिकामी जागा बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "मी आईला बघून म्हटलं बसली," तो म्हणाला. "मला वाटलं तू आईचं विचारतेस." मग म्हणाला, "पुरे झालं. गाई विकून टाकू. नको हे."

सूनबाईनं डोळे पुसले. उठून केबिनमधून किल्ली काढून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आई, तुम्ही म्हणाल तसं."

ती किल्ली माझ्या मांडीवर किती वेळ होती कोण जाणे. सकाळी ती माझ्या उशीखाली होती तेव्हा तिचं मला ओझं वाटलं नव्हतं. मला हेच तर हवं होतं, की हिनं ट्रॅक्टरवर बसू नये. आता ती स्वतःच उतरून आली होती. माझं नुसतं नको म्हणायचं बाकी होतं.

पण मला तो सावकाश टेकणारा टायर दिसत होता. आमचे हे असते तर? हे चांगले होते, माझ्यावर माया करणारे होते, पण यांनी मागे कधी वळून बघितलं नव्हतं. मी मागे आहे हे यांनी गृहीतच धरलेलं असायचं. हिनं जिवावर बेतलेलं असताना आधी आरशात बघितलं. आणखी कोणाच्या हातात मी ही किल्ली द्यायची?

"आधी सासू बसव," मी म्हणाले. "आणि फेरी मार. तुझ्या बाबांसारखी."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग किल्ली घेतली.

मुलानं घरात जाऊन पान्हा आणला, आणि मी पाठीमागून हुकूम सोडत असताना तिनं ट्रॅक्टर मागे घेऊन ठोकळा अडकवला. पिना घातल्या, हलवून बघितल्या. मग मारून मुटकून मुलाकडून प्लायवूडचा तुकडा उपटून घेतला, तो माझ्या चेपलेल्या चपलेशेजारी जाऊन पडला. मागून वारा येईल तर येऊ दे म्हणाली, मफलर बांधीन. दुधाची गाडी यायच्या आत वाट मोकळी झाली.

नवी काच आली आहे आता, स्वच्छ, मागचं सगळं दिसतं. मुलाचा पाय बरा झालाय, पण गठ्ठे तीच उचलते. त्यालाच ते बरं वाटतं आणि मलाही. ठोकळा आतून डोळ्यांनी दिसत असला तरी ती अजून ओरडून विचारते. फक्त आता दोनदा विचारते.

"सासू बसली का?"

"बसली!" मुलगा ठोकळ्याला हात लावून सांगतो.

"आणि आई?"

माझ्यासाठी तिनं गोठ्याच्या पुढच्या भिंतीशी, तिला समोर दिसेल अशा जागी, बाक ठेवलाय. त्यावर एक उशीही आहे. इतकी वर्षं मी त्या ट्रॅक्टरच्या मागे उभी राहिले, मी कुठे आहे असं मला कधी कोणी विचारलं नाही. मी मुद्दाम उत्तर द्यायला थोडा वेळ लावते. इंजिन घुरघुरत राहतं, गठ्ठा जमिनीवर, तिचा हात दांड्यावर, आणि ती काचेतून माझ्याकडे बघत थांबलेली असते.

"बसले गं," मी म्हणते, तेव्हाच ती गठ्ठा उचलते.